निबंधातली एक बाई

८ सप्टेंबर

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी उत्तराला आज बसतोय. कान धरतो. कारण सांगतो, पण हसायचं नाही. मी शाळेत जायला लागलोय. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

झालं असं, की दुकानात चष्म्याच्या भिंगांचे काठ घासायचं नवं यंत्र आलं. जुनं चाक मी कानाने चालवायचो. काच किती घासली गेली ते आवाजावरून कळायचं. नव्या यंत्राला पडदा आहे आणि त्याच्यावर सगळं इंग्रजी. मालक भला माणूस, पण म्हणाला, सहा महिन्यांत शिकून घ्या, नाहीतर यंत्रावर दुसरं कुणी बसवावं लागेल. म्हणून दर रविवारी सकाळी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत इंग्रजीच्या वर्गाला जातो. सगळी विशी-बाविशीची मुलं. मला काका म्हणतात आणि खिडकीजवळची जागा सोडतात, म्हाताऱ्याला वारा लागावा म्हणून.

शिकवणाऱ्या मॅडम तुझ्या भाचीहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांचं म्हणणं, पाठांतर नको, लिहा. पहिला निबंध ‘माझं गाव’. मी टेकडी लिहिली, कालवा लिहिला, आपली शाळा लिहिली. मॅडम म्हणाल्या, वडिलांविषयी दोन वाक्यं वाढवा. तीही वाढवली.

दुसरा निबंध चिठ्ठ्या टाकून. प्रत्येक चिठ्ठीवर एक जागतिक दिवस. ताई, जगात टपालाचा दिवस आहे, मातीचा आहे, हात धुण्याचा आहे, डोंगरांचासुद्धा आहे. माझ्या शेजारणीला डोंगर मिळाला. मला काय मिळावं? जागतिक शौचालय दिन, एकोणीस नोव्हेंबर. वर्ग असा हसला की खालचा सायकलवाला जिन्यात येऊन उभा राहिला.

आता मी काय लिहिणार? बाबांच्या जागी शाळेत शिपाई म्हणून लागून तुला छत्तीस वर्षं झाली. ह्या विषयातलं तुझ्याइतकं मॅडमनाही कळत नसेल. तर तू काय करतेस, कसं करतेस, ते सविस्तर लिहून पाठव. मी इंग्रजी करीन.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो ह्या म्हाताऱ्या विद्यार्थ्यावर जरा जास्त असू दे.

तुझा,
धाकटा

---

२० सप्टेंबर

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचलं आणि टाकी भरायची राहिली. हसू नकोस म्हणालास म्हणून तोंडावर पदर धरून हसले. लहानपणी तुला शाळेत ढकलायला मला काठी घ्यावी लागायची, आणि आता पैसे भरून जातोस!

विचारलंस ते लिहिते. शाळेत चौदा संडास. सहा मुलींचे, सहा मुलांचे, दोन शिक्षकांचे. मी सकाळी सर्वांच्या आधी जाते. पहिल्यांदा प्रत्येक दारावर बादली आपटायची, म्हणजे आत पाल, बेडूक जे असेल ते निघून जातं. मग लांबच्या कोपऱ्यातून दाराकडे पाणी मारत यायचं, उलटं नाही. हे बाबांनी शिकवलं. दुसरं त्यांनी शिकवलं ते असं, की श्वास रोखून काम करायचं नाही. श्वास रोखला की माणूस घाई करतो आणि घाईत कोपरे राहतात. पहिले आठ दिवस मला ओकारी यायची. बाबा शेवटच्या दुखण्यातही दारात येऊन उभे राहायचे, आत येऊन हात लावायचे नाहीत. म्हणायचे, पोरी, हे मुलांसाठी आहे, घाण नव्हे.

पहिलीतली पोरं आत जायला भितात. दार लावलं की रडतात. मी बाहेर पायरीवर बसते आणि काहीबाही बोलत राहते, की भाजी काय केली, मांजर कुठे गेलं. आवाज ऐकू येतो तोवर पोर शांत असतं. मोठ्या मुलींचं वेगळं. दोन वर्षं कड्या तुटलेल्या होत्या. मुली दुपारी घरी जायच्या त्या परत यायच्याच नाहीत. अर्ज करूनही कुणी लक्ष दिलं नाही, तेव्हा मीच लोहाराकडून सहा कड्या आणल्या आणि स्क्रू पिळून बसवल्या. पुढच्या महिन्यात सातवीच्या हजेरीत फरक पडला. मोठ्या बाईंना अजून कारण माहीत नाही. ह्या बाई दोन वर्षांपूर्वी आल्या, मुख्याध्यापिका म्हणून चांगल्या आहेत.

एवढं पुरे का? वर्गात सांग, की माझी सख्खी बहीण हे करते, ऐकीव नाही. बाबांबद्दल काय लिहिलंस तेही कळव. मला इंग्रजी येत नाही, पण मोठ्या बाई वाचून दाखवतील.

भाचीला पापा, तुझ्या बायकोला आशीर्वाद. अभ्यास कर, नाहीतर काठी जपून ठेवली आहे.

तुझी,
ताई

---

२५ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने माझी लाज राखली. निबंध वाचताना वर्गात कुणी हसलं नाही. पायरीवर बसून बोलण्याचा भाग आला तेव्हा मॅडमनी चष्मा काढून पुसला. (मीच घासलेली भिंगं आहेत ती. परवा दुकानात आल्या होत्या.) निबंधाला पहिला नंबर मिळाला. सगळ्यांच्या निबंधांची छोटी पुस्तिका छापणार आहेत, माझे दोन्ही निबंध तीत येतील. आणि एकोणीस नोव्हेंबरला वाचनालयाच्या सभागृहात मला तो मोठ्याने वाचायचा आहे.

बाबांबद्दल चारच ओळी आहेत, विशेष काही नाही. मोठ्या बाईंना त्रास देऊ नकोस. माझं इंग्रजी त्यांच्यापुढे ठेवण्याजोगं नाही.

यंत्राचा पडदा आता निम्मा कळतो. मालक खूश आहे. बाकी देवाची कृपा. माया असू दे.

धाकटा

---

६ नोव्हेंबर

ती. ताईस, न. वि. वि.

हे कार्ड घाईत लिहितो. मॅडमनी परस्पर प्रत्येकाच्या गावच्या शाळेला पुस्तिका पाठवली, मला काल कळलं. शाळेच्या नावाने पाकीट आलं तर मोठ्या बाईंकडे देऊ नकोस, तुझ्यापाशी ठेव. छपाईत चुका राहिल्या आहेत. नीट केलेली प्रत मी पाठवतो. एवढं कर.

धाकटा

---

१४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

तुझं कार्ड पाकिटानंतर दोन दिवसांनी आलं. आधी आलं असतं तरी मी पाकीट लपवलं नसतं. शाळेचं टपाल आहे ते.

मोठ्या बाईंना कोण आनंद झाला. मला कार्यालयात बोलावलं, दार लावून घेतलं आणि आपल्या भाषेत सांगत सांगत वाचायला लागल्या. टेकडी आली, कालवा आला. मग वाचलं, की माझे वडील ह्या शाळेत तीस वर्षं मुख्याध्यापक होते. बाई थांबल्या. त्यांच्या खुर्चीमागे मुख्याध्यापकांच्या नावांचा फळा आहे, त्यावर अकरा नावं आहेत. तो मी दर शनिवारी पुसते. बाईंनी वळून फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे.

मग त्यांनी दुसरा निबंध काढला. आमच्या शाळेत एक बाई होती, गरीब, अडाणी, ती संडास धुवायची. श्वास न रोखता. लहान मुलांसाठी पायरीवर बसायची. तिने कड्या बसवल्या. मी ऐकत गेले आणि मला कळेना, ही कोण. माझ्यासारखीच दुसरी कुणी होती की काय. बाई हसून म्हणाल्या, अहो, ह्या तर तुम्हीच. आणि म्हणता म्हणता त्यांचं हसू गेलं.

मी सांगून टाकलं, की माझ्या भावाला इंग्रजी येत नाही. त्याला म्हणायचं होतं, वडील रोज शाळा उघडायचे. चुकून तसं झालं. बाई म्हणाल्या, असेल. त्यांनी ते मानलं की नुसतं मानल्यासारखं केलं, देव जाणे. छत्तीस वर्षं त्या कार्यालयाची किल्ली माझ्या कमरेला आहे. आतलं एक टाचणीचं पाकीट मी इकडचं तिकडे केलं नाही. आणि परवा तिथे उभी राहून खोटं बोलले.

बाबांना मुख्याध्यापक केलंस त्याचं मला एकपरी हसू आलं. बाबांनाही आलं असतं. पण धाकट्या, मला तू एक बाई केलंस.

आशीर्वाद आहेत. ते काढून घेता येत नाहीत, नाहीतर आज घेतले असते.

ताई

---

१७ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार कसा लिहू? तरी लिहितो.

इंग्रजीची चूक नव्हती. हे तुला ठाऊकच आहे, पण माझ्या हाताने लिहायला हवं. शब्दकोश मांडीवर होता. शिपाई ह्या शब्दाला काय म्हणतात ते मी काढलं होतं आणि पेन्सिलीने लिहिलंही होतं. मग शेजारच्या मुलीने कागदात डोकावून पाहिलं. मी हाताने झाकलं, खोडलं आणि दुसरा शब्द लिहिला. इतका सोपा गेला तो शब्द, की मला स्वतःचीच भीती वाटली.

हे आजचं नाही. बाराव्या वर्षी तू मला मोठ्या शाळेत घातलंस, तिथे पहिल्याच दिवशी विचारलं, वडील काय करायचे. मी म्हणालो, शाळेत होते. खोटं नव्हतं. लग्न ठरताना तेच सांगितलं, समोरच्यांनी मास्तर असा अर्थ घेतला आणि मी तो घेऊ दिला. मुलीलाही तेच सांगितलं. आजोबा शाळेत होते आणि आत्या शाळेत आहे. इतकी वर्षं ह्या एका वाक्यावर मी संसार केला. तू इकडे राहायला येते म्हणालीस की मी काहीतरी अडचण काढायचो. कधी पाहुणे, कधी रंगकाम. तुला ते कळत होतं का? कळत असणार. म्हणून तू विचारायचं सोडलंस.

दुसऱ्या निबंधात मी आधी ‘माझी बहीण’ असंच लिहिलं होतं. पण बहीण संडास धुते म्हटल्यावर वडील मुख्याध्यापक कसे? म्हणून बहीण खोडली. मग बाई आली. तिला गरीब केलं, अडाणी केलं, म्हणजे ती आपल्या घरातली वाटू नये. मॅडमनी चष्मा पुसला तेव्हा मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. माझ्या लिहिण्याचा.

सकाळी यंत्र सुरू करायच्या आधी मी हात जोडतो, बाबांची सवय. आज जोडले आणि काय मागावं ते सुचेना. परवा सभागृहात वाचायचं आहे. मी खरं वाचीन. एवढा शब्द देतो. तोवर लोभ मागायचा मला हक्क नाही.

धाकटा

---

२१ नोव्हेंबर

ती. ताईस, न. वि. वि.

मी खरं वाचलं नाही.

कागदावर दुरुस्ती करून नेली होती. ‘एक बाई’ कापून वर ‘माझी बहीण’ असं निळ्या शाईने लिहिलं होतं. सभागृहात साठ-सत्तर माणसं, पुढच्या रांगेत मालक सहकुटुंब, माझी बायको, मुलगी. ती ओळ आली. निळी शाई मला स्पष्ट दिसत होती. तोंडातून छापलेलं आलं. पुढे सगळं छापलेलंच वाचत गेलो. टाळ्या झाल्या. मालकाने उठून हात मिळवला. एक पेन बक्षीस मिळालं आणि ते मी घेतलं.

घरी आल्यावर मुलीने कागद बघायला मागितला. तिला निळी शाई दिसली. तिने विचारलं, ही बहीण म्हणजे आत्या का? मी हो म्हणालो. मग बसून दोघींना सगळं सांगितलं, बाबांपासून. बायको म्हणाली, तिला लग्नानंतर वर्षभरातच कळलं होतं, तिच्या मामाने चौकशी केली होती. वाट बघत होती, मी कधी सांगतो त्याची. बावीस वर्षं. मुलगी ताट घेऊन आत गेली आणि मला पाठमोरी म्हणाली, की तिला अडाणी म्हटलेलं आत्याला कुणी वाचून दाखवलं?

मी कुणापुढे तोंड वर करू, ते सांग. की सांगूही नकोस. रागावूनच का होईना, दोन ओळी लिही.

धाकटा

---

२८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

दोन ओळी लिही म्हणालास, चार लिहिते. तू सभागृहात घाबरलास, ते मला समजलं. तू लहानपणापासून असाच, पाण्यात शिरतोस आणि गळ्याशी आलं की मागे फिरतोस. तुझ्या बायकोचं मात्र कौतुक वाटलं. तिला माझा नमस्कार सांग, आशीर्वाद नव्हे.

आता माझं ऐक. त्या दिवसापासून मोठ्या बाई माझ्याशी फार गोड वागतात. काम सांगताना नजर चुकवतात. जड बादली दिसली की दुसऱ्या कुणाला हाक मारतात. आजवर त्या मला रागवायच्या, मीही उलट बोलायचे, असं आमचं छान चाललं होतं. आता त्यांना माझी कीव येते. संडास धुते म्हणून माझी कीव कुणी कधी केली नाही रे. ही तुझ्यामुळे आली, आणि थोडी माझ्या खोटं बोलण्यामुळे.

माझी क्षमा मागत बसू नकोस. मला ती देऊन काय मिळणार? बाईंना लिही. मी खोटं बोलले ते का, तेही लिही. मला त्या कार्यालयात पुन्हा पहिल्यासारखं जायचं आहे. अजून चार वर्षं नोकरी आहे.

जेवणखाण सोडू नकोस, वाळून कोणाचं भलं होत नाही. तुझी होते ती आहेच.

ताई

---

६ डिसेंबर

मा. मुख्याध्यापिका बाईंस,
स. न. वि. वि.

आपली-माझी ओळख नाही. आपल्याकडे आलेल्या पुस्तिकेतले दोन निबंध माझे आहेत. हे पत्र इंग्रजीत लिहिलं नाही, म्हणजे पुन्हा कुणाला इंग्रजीला दोष देता येणार नाही.

माझे वडील आपल्या शाळेत तीस वर्षं शिपाई होते. शाळा झाडणं, घंटा देणं, पाणी भरणं आणि संडास धुणं ही त्यांची कामं. मी त्यांना मुख्याध्यापक लिहिलं ते चुकून नव्हे. मला शिपाई हा शब्द येत होता. मला त्याची लाज वाटत होती. ते गेले तेव्हा मी बारा वर्षांचा आणि माझी बहीण अठराची. तिने त्यांचं काम धरलं म्हणून मी शिकलो, शहरात आलो आणि लाज वाटण्याइतका मोठा झालो.

दुसऱ्या निबंधातली बाई ती माझी सख्खी मोठी बहीण. त्यातली एकही ओळ माझी नाही. सगळं तिने मला पत्रात लिहिलं होतं. मी फक्त त्यातून तिला काढून टाकलं. ती अडाणी नाही. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. आपल्याला ती खोटं बोलली ते मला झाकायला. तिच्या छत्तीस वर्षांत एवढी एकच गोष्ट तिने त्या कार्यालयात वाईट केली, आणि ती माझ्यासाठी केली.

गेल्या रविवारी मी वर्गात उभा राहून हे सगळं सांगितलं. मॅडमनी एक शुद्धिपत्र छापून आणलं. त्याचा मजकूर माझ्या मुलीने केला, मला करू दिला नाही. वाटलेल्या पुस्तिकांपैकी मिळतील तेवढ्या परत मागवून आम्ही सगळ्यांनी बसून त्या पानावर तो कागद चिकटवला. ज्या मिळाल्या नाहीत त्यांच्यासाठी मी घरोघर जातो आहे. आतापर्यंत नऊ घरं झाली. सांगायला दर वेळी तितकंच जड जातं. आपल्या प्रतीसाठी एक कागद सोबत जोडला आहे.

आपल्याला एक विनंती आहे. तिच्यावर दया करू नका. तिला ती चालत नाही. बादली जड असली तरी तिलाच उचलू द्या, आणि काम चुकलं तर पूर्वीसारखं रागवा. फक्त हे पत्र तिला वाचून दाखवाल तेव्हा तिला बसायला सांगा. ती नको म्हणेल, तिची कामं पडलेली असतील. तरी सांगा. मला ते सांगायला छत्तीस वर्षं सुचलं नाही.

आपल्या शाळेचा आणि तिथल्या शिपायाचा लोभ आमच्या घरावर असावा, ही प्रार्थना.

आपला नम्र,
आपल्या शिपाईबाईंचा धाकटा भाऊ